फादर सांतापाऊंना हार नको, नीट लेबल लावलेली शीट हवी
(महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या वनस्पतिशास्त्र विभागांना खुले पत्र)

प्रिय प्राध्यापक आणि विद्यार्थी मित्रांनो,

सप्रेम नमस्कार.

१३ जानेवारी हा फादर हर्मेनेगिल्ड सांतापाऊ यांचा स्मृतिदिन. १९७० साली याच दिवशी मुंबईत त्यांचं निधन झालं. स्पेनमध्ये १९०३ साली जन्मलेला हा येशूसंघी (जेझुइट) धर्मगुरू १९४० मध्ये मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवायला आला आणि इथलाच झाला. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाची पुनर्रचना झाल्यावर त्या संस्थेची धुरा त्यांनी सांभाळली, १९६७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि सह्याद्रीतल्या एका कंदीलपुष्पाच्या जातीला त्यांच्या नावावरून ‘सेरोपेजिया सांतापावी’ हे नाव पडलं. हे सगळं तुमच्या विभागातल्या भिंतीवरच्या तक्त्यावर कदाचित असेलही. आमची विनंती मात्र तक्त्याच्या पलीकडची आहे: फादरांची आठवण डोंगरावर ठेवा आणि मग कागदावर उतरवा.

खंडाळा हे त्यांचं खरं कार्यक्षेत्र. बोरघाटाच्या माथ्यावरच्या त्या टापूत वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तिथल्या वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध झाला. पुरंदरच्या वनस्पतींवरही त्यांनी स्वतंत्र काम केलं. अडुळसा, कोरांटी, कारवी ज्या कुळात येतात ते अॅकँथेसी कुळ त्यांच्या खास अभ्यासाचं. यातलं काहीही टेबलाशी बसून होण्यासारखं नव्हतं. थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींची नोंद करून ठेवली होती. ती नोंद आज त्या जागी खरी ठरते का, हे पाहायला त्या डोंगरावर त्या ऋतूत पुन्हा पुन्हा जावंच लागतं.

येशूसंघीयांमध्ये दिवसातून दोनदा, दुपारी आणि रात्री, स्वतःच्या दिवसाची झडती घेण्याची शिस्त आहे. संघाचा संस्थापक संत इग्नेशियस यानं घालून दिलेली ही प्रार्थना. सगळ्या वस्तूंमध्ये देव शोधावा, ही शिकवणही त्याचीच. फादर सांतापाऊ शेवटपर्यंत धर्मगुरू होते आणि शेवटपर्यंत वनस्पतिशास्त्रज्ञ होते. ही दोन आयुष्यं वेगवेगळी होती असं आम्हाला वाटत नाही. जे दिसलं ते त्याच संध्याकाळी, जसं दिसलं तसंच, आपल्या सोयीनं न वाकवता लिहायचं, ही वनस्पती गोळा करणाऱ्याची पहिली सवय आहे आणि त्या झडतीची सख्खी बहीण आहे. त्यांच्या आधी त्याच महाविद्यालयात स्वित्झर्लंडहून आलेले फादर एथेलबर्ट ब्लॅटर (१८७७–१९३४) हेच करत होते. तिथल्या हर्बेरियमला, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला, आज त्यांचं नाव आहे. अशा एकेका कागदाला शीट म्हणतात. पुढे कर्नाटकात फादर सेसिल सालढाणा आणि तमिळनाडूत फादर मॅथ्यू यांनी ही वाट चालू ठेवली. कॅमेलिया या फुलझाडाचं नावसुद्धा सतराव्या शतकातल्या कामेल नावाच्या येशूसंघी बंधूवरून आलेलं आहे. रानातली फुलं कशी वाढतात ते पाहा, असं सांगणारं बायबलातलं वचन ज्यांच्या रोजच्या वाचनात होतं, त्या माणसांनी ते शब्दशः मनावर घेतलं.

आता मुद्द्याकडे येऊ. आज बहुतेक ठिकाणी प्रात्यक्षिक परीक्षेसाठी ‘हर्बेरियम फाइल’ मागितली जाते. साठ विद्यार्थ्यांचा वर्ग एकाच सहलीत एकाच उतारावर जातो आणि साठ जण साठ रोपं मुळासकट उपटतात. परीक्षा झाली की फायली रद्दीत जातात. त्या साठ कागदांवर ‘खंडाळा, ऑगस्ट’ एवढंच लिहिलेलं असतं. यातून शास्त्राच्या हाती काही लागत नाही आणि तो उतार तेवढा बोडका होतो. फादरांची आठवण म्हणून निदान एवढं बदला.

साठ जणांचे दहा गट करा. प्रत्येक गटाला हंगामभरात पाचच वनस्पती द्या, पण प्रत्येकीचे तीन नमुने घ्यायला सांगा: एक महाविद्यालयासाठी, एक पुण्यातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्राला किंवा आघारकर संशोधन संस्थेला, आणि एक ब्लॅटर हर्बेरियमला, अर्थात त्यांना आधी विचारून. एका जागी वीस झाडं दिसली तरच एक घ्यायचं. वीस नसतील तर फोटो, मोजमाप आणि टिपण एवढ्यावर थांबायचं. कंदीलपुष्पांच्या बाबतीत हे कसोशीनं पाळा. त्यांचा कंद खणला की ती वेल तिथून कायमची गेली. फुलासकट वेलीचा एक तुकडा आणि फुलाचा उभा छेद ओळखीला पुरतो. राखीव वनात जाण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या. अभयारण्यात तर मुख्य वन्यजीवरक्षकांच्या लेखी परवानगीशिवाय पानही तोडू नका. परवानगीला वेळ लागतो, म्हणून अर्ज मे महिन्यातच गेला पाहिजे. तेरडा फुलल्यावर अर्ज केलात तर हातात येईल ती पुढच्या वर्षीची परवानगी.

सोबत काय न्यायचं ते थोडक्यात. झाडं दाबून वाळवायचा ४५ बाय ३० सेंटिमीटरचा लाकडी पट्ट्यांचा प्रेस, दोन मजबूत पट्टे, टिपकागद, पन्हाळीचे पुठ्ठे, वर्तमानपत्रं, छाटणीची कात्री, खुरपं, दहापट दाखवणारं भिंग, दोऱ्याचे छोटे टॅग, वही आणि पेन्सिल. पेन्सिल म्हणजे पेन्सिलच. घाटातल्या पावसात जेलपेननं लिहिलेला टॅग तासाभरात निळा डाग होतो आणि मग संध्याकाळी कुठल्या पिशवीत कुठलं झाड आहे हे देवालाच ठाऊक. वर्तमानपत्र घेताना पुरवणीची गुळगुळीत रंगीत पानं बाजूला काढा. ती पाणी शोषत नाहीत आणि त्यांचा रंग पाकळ्यांना लागतो. आतली साधी, खरखरीत पानंच वापरा.

झाड तोडायच्या आधी लिहायला घ्या. वाळल्यावर जे नाहीसं होणार आहे ते आधी टिपायचं: फुलाचा रंग, वास, चीक निघतो का आणि कोणत्या रंगाचा, झाडाची उंची, सालीचा पोत, वेल उजवीकडे वळते की डावीकडे, कोणत्या झाडावर चढली आहे, जमीन कातळ आहे की माती, उन्हात आहे की सावलीत. पानाची लांबी शीटवर केव्हाही मोजता येईल, ती डोंगरावर मोजत बसू नका. प्रत्येक गोळा करणाऱ्याचा क्रमांक १ पासून सुरू होतो आणि आयुष्यभर पुढेच जातो. दर वर्षी पुन्हा १ पासून सुरुवात करणं ही फार महागात पडणारी चूक आहे. दहा वर्षांनी ‘क्रमांक १४’ अशा चार वेगवेगळ्या वनस्पती निघतात आणि कुठल्याच लेखात त्यांचा दाखला देता येत नाही. एकाच झाडाच्या तिन्ही नमुन्यांना मात्र एकच क्रमांक.

प्रेसमध्ये घालताना एक तरी पान उलटं ठेवा. पानाची मागची बाजू, तिथली लव आणि शिरा पाहिल्याशिवाय कित्येक जाती ओळखता येत नाहीत, आणि सगळी पानं एकाच अंगानं दाबली तर पुढे पान मोडल्याशिवाय ती बाजू दिसत नाही. लांब गवत असेल तर त्याची इंग्रजी व्ही किंवा एन अक्षरासारखी घडी घाला. टोक तोडून टाकू नका. झाडाची फांदी घेतलीत तर तिच्यावर फूल किंवा फळ असलंच पाहिजे, नुसत्या पानांची शीट जवळजवळ निरुपयोगी असते. पट्टे आवळून झालं म्हणून प्रेस विसरू नका. अर्ध्या दिवसात झाडं आक्रसतात, पट्टे सैल होतात आणि पानांना सुरकुत्या पडतात. पडलेली सुरकुती नंतर निघत नाही.

पावसाळ्यात खरा घात होतो तो इथेच. कोरड्या हवेत चार-पाच दिवसांत वाळणारं झाड ऑगस्टमधल्या घाटात पंधरा दिवस ओलं राहतं आणि काळं पडतं. पहिला कागद बारा तासांच्या आत बदला. त्याच वेळी पानं किंचित मरगळलेली असतात, तेव्हाच ती हवी तशी पसरवून घ्या, दुसऱ्या दिवशी ती ऐकत नाहीत. त्यानंतर रोज कागद बदला. ओले कागद त्याच खोलीत दोरीवर वाळत घालून पुन्हा वापरू नका, खोलीतला ओलावा तेवढाच वाढतो. मुक्कामी वीज असेल तर लाकडी खोक्याच्या तळाशी साठ वॉटचे दोन जुने पिवळे दिवे लावा. एलईडी दिवा तापत नाही, तो इथे कामाचा नाही. प्रेस दिव्यांपासून हातभर उंच आणि उभा ठेवा, म्हणजे पुठ्ठ्यांच्या पन्हाळी खालून वर जातील आणि गरम हवा त्यांतून वाहील. पुष्कळ ठिकाणी प्रेस आडवा ठेवतात, मग हवा अडते आणि खालचे नमुने करपतात तेव्हाही वरचे ओलेच असतात. खोक्यात तापमान पंचेचाळीस ते पन्नास अंशांच्या वर जाऊ देऊ नका, नाहीतर झाड पापडासारखं ठिसूळ होतं. कागदाचं टोक दिव्याजवळ लोंबत नाही ना, हे रात्री दोनदा उठून पाहा. झाड वाळलं की नाही हे कळायला ते गालाला लावून पाहतात. गार लागलं तर आत अजून पाणी आहे.

काही झाडांना वेगळी वागणूक लागते. तेरड्याचं फूल पाण्याचं असतं. ते कागदाला चिकटतं आणि कागद बदलताना फाटतं. म्हणून दोन-तीन फुलं वेगळी घेऊन, त्यांचे भाग सुटे करून, पातळ टिश्यू कागदात दाबा आणि कागद बदलताना टिश्यू काढू नका. रानहळदीचा तुरा प्रेसमध्ये लिबलिबीत होतो. त्याचा उभा छेद घ्या आणि एक-दोन फुलं सत्तर टक्के अल्कोहोलच्या बाटलीत ठेवा, बाटलीवर तोच क्रमांक. झाडांवर वाढणारी आमरी (ऑर्किड) तर प्रेसमध्येही मरत नाही. आठवडाभर कागदांच्या दाबाखाली ती जगत राहते आणि मग पानं गाळते. तिचं फूल बाहेर धरून बाकीचा भाग काही सेकंद उकळत्या पाण्यात बुडवा, मग दाबा.

कारवीबद्दल दोन शब्द जास्तीचे, कारण ती फादरांच्या लाडक्या कुळातली आहे. कारवी आठ वर्षांनी एकदाच सामुदायिक फुलते आणि फळ धरून मरते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८, २०१६ आणि २०२४ साली फुलली. पण सगळ्या डोंगरांचं वेळापत्रक एक नसतं. कुठल्या उतारावर कुठल्या वर्षी फुलली, हे कळायचा एकच विश्वासाचा मार्ग म्हणजे जुन्या शीटा. लेबलवर ‘सप्टेंबर’ आहे आणि वर्ष नाही, अशी कारवीची शीट हातात आली की जीव हळहळतो. फूल सुरेख वाळलेलं, पानं पसरलेली, सगळं चांगलं, आणि जे सांगण्यासाठी ती शीट होती तेच तीवर लिहिलेलं नाही. आठ वर्षांचा हिशेब चार आकड्यांनी हुकला.

म्हणून लेबल. ते उजव्या खालच्या कोपऱ्यात लावायचं. ‘खंडाळा’ हे ठिकाण नव्हे. असं लिहा: ‘पुणे जिल्हा, मावळ तालुका, खंडाळा, नागफणीकडे जाणारी पायवाट, पश्चिम उतार, ओढ्याकाठचा ओला कातळ’, मग अक्षांश, रेखांश आणि समुद्रसपाटीपासूनची उंची, दिवस-महिना-वर्ष, टिपणातला मजकूर, गोळा करणाऱ्याचं पूर्ण नाव, क्रमांक. पायवाटा बुजतात, पॉइंटांची नावं बदलतात, द्रुतगती मार्ग होतो तेव्हा आख्खा उतार नाहीसा होतो, अक्षांश-रेखांश राहतात. शास्त्रीय नाव सगळ्यात शेवटी आणि खात्री असेल तरच. नाव चुकलं तर पुढचा अभ्यासक शेजारी दुरुस्तीची चिठ्ठी लावेल, पण ठिकाण चुकलं तर ते कुणालाच दुरुस्त करता येत नाही. मराठी आणि स्थानिक नाव जरूर लिहा, ज्या गावकऱ्यांकडून ऐकलं त्या गावाच्या उल्लेखासह. एकाच झाडाला मावळात एक नाव आणि कोकणात उतरलं की दुसरं, हे धन फक्त लेबलांवरच टिकतं.

चिकटवायचा कागद साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरचा, जाड आणि आम्लरहित. पारदर्शक चिकटपट्टी कृपा करून वापरू नका. चार-पाच वर्षांत ती पिवळी पडते, सुटते आणि सुटताना पान घेऊन जाते. जाड देठ दोऱ्यानं शिवा, बाकीचं पातळ केलेल्या पांढऱ्या गोंदावर बसवा. गळून पडलेलं बी, पाकळी, परागकोश यांच्यासाठी वरच्या कोपऱ्यात कागदाचा लहान लखोटा लावा. कचरा समजून त्या गोष्टी झटकल्या जातात, आणि तज्ज्ञाला नेमकं तेच बी हवं असतं.

किडीचं काय? पूर्वी नमुने मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणात बुडवत. ते जहाल विष आहे आणि जुन्या शीटांवर आजही असतं. जुनं कपाट उघडाल तर हातमोजे घाला, शीटांच्या टेबलावर चहा-डबा आणू नका आणि नंतर हात साबणानं धुवा. नव्या शीटांसाठी गोठवण पुरते: हवाबंद पिशवीत, उणे अठरा ते वीस अंशांवर, दोन आठवडे. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा चालत नाही, त्याचं दार सारखं उघडतं आणि तापमान वर-खाली होतं. पिशवी बाहेर काढल्याबरोबर उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला यायला दिवसभर द्या, नाहीतर हवेतलं बाष्प थंड शीटवर उतरतं आणि इतकी मेहनत बुरशीच्या घशात जाते. डांबराच्या गोळ्यांवर विसंबू नका. त्यांनी कीड लांब राहते, पण आत असलेलं सिगारेट बीटल काही मरत नाही. तपकिरी, तांदळाच्या दाण्याहूनही छोटा असा हा किडा आधी फुलांच्या कळ्या खातो. कपाटाच्या फळीवर बारीक पिठासारखी भुकटी दिसली तर त्याच दिवशी तो सगळा कप्पा गोठवायला टाका.

हे सगळं वर्षात कसं बसवायचं ते फादरांच्या दिनदर्शिकेनंच सुचवलं आहे. त्यांचा जन्मदिवस ५ डिसेंबर आणि स्मृतिदिन १३ जानेवारी. दोन्ही वेळा खंडाळ्याचे उतार पिवळे पडलेले असतात, तेरडा आणि सोनकी कधीच सुकलेली असते, त्यामुळे त्या दिवशी सहल काढून फार काही हाती येत नाही. डोंगरावर जायचं ते जून ते ऑक्टोबरात, दर पंधरा दिवसांनी त्याच वाटेनं, म्हणजे तीच जागा कळीत, फुलात आणि फळात दिसेल. डिसेंबरपर्यंत सगळं वाळून, गोठवून तयार असेल. मग १३ जानेवारीला विभागातली टेबलं एकत्र लावा, वह्या उघडा, भिंगं काढा आणि दिवसभर बसून नावं निश्चित करा, शीटा चिकटवा, लेबलं लिहा. सकाळी ज्याला प्रार्थना करायची त्यानं करावी. फादरांच्या फोटोला हार घालायचा असेल तर घाला, पण फुलं बाजारातली आणा, डोंगरावरची नको. नव्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेतच, तेव्हा या कामासाठी वेगळा तास शोधत बसावं लागणार नाही.

दोन-तीन वर्षांनी ब्लॅटर हर्बेरियमला किंवा पुण्याला जाल तेव्हा खंडाळ्याच्या जुन्या शीटा मागून घ्या. त्याच वनस्पतीची तुमची शीट शेजारी ठेवा आणि दोन्ही लेबलं वाचा. तारखांमधलं अंतर मोजा, मग ठिकाण पाहा. ती जागा अजून आहे का, हे लगेच ठरवू नका. येत्या पावसाळ्यात जाऊन पाहा आणि काय दिसलं ते पेन्सिलीनं लिहून ठेवा.

आपले,
हर्बेरियमच्या शीटा सांभाळणारे काही जण